मदत हवी आहे: जामीन मंजूर झाला पण भाऊ अजून आतच, सातबाऱ्यावर अडलंय

नमस्कार मंडळी, देवगड तालुक्यातून लिहितेय. धाकटा भाऊ ट्रॉलरवर खलाशी, जेटीवर लिलावाच्या वेळी मारामारी झाली त्यात ह्याचंही नाव आलं आणि पोलीस घेऊन गेले. वकील करायची ऐपत नाही म्हणून कोर्टानेच दिला. गावात जो तो म्हणे, "सरकारी वकील म्हंजे पोलिसांचोच माणूस, तो काय सोडवतलो?" आईने पाटल्या काढून ठेवल्या होत्या विकायला. पण त्या वकील मॅडमनी चौथ्या दिवशी जामीन करून दिला.

अडलंय पुढे. 25 हजाराचा जामीनदार पाहिजे, तोपण जिल्ह्यातलाच. काकांचा सातबारा घेऊन गेले तर क्लार्क म्हणाला सामाईक आहे, चालणार नाही. अहो कोकणात स्वतंत्र सातबारा कितीजणांचा असतो? आमच्यावर 31 नावं, निम्मे वारले, वारसनोंद नाही, उरलेले मुंबईला. वाडीत विचारलं तर लोकांना वाटतं जामीन राहिलो की जमीन गेली. आज 19 दिवस झाले. 1 ऑगस्टला मासेमारीबंदी उठली, बोटी गेल्या, तांडेलाने (बोटीच्या प्रमुखाने) दुसरा खलाशी घेतला. भेटायला गेले तर जाळीपलीकडून एवढंच विचारलं त्याने, "ताई, जामीन झालो मा, मग मी हय कित्याक?"

जामीनदाराशिवाय सुटका होते का? आणि हे वकील पुढे केस चालवतात की जामिनापुरतेच?

प्रतिसाद (कुडाळकर): ताई, आधी एक, सरकारी वकील वेगळा, तो सरकारतर्फे आरोपीविरुद्ध केस चालवतो. तुमच्या मॅडम लोकअभिरक्षक कार्यालयाच्या (आरोपीला मोफत वकील देणाऱ्या) असणार, त्या आरोपीच्याच. 1987 च्या विधी सेवा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न बघत नाहीत, आणि केस शेवटपर्यंत चालवतात, अपीलसुद्धा.

आता जामीनदाराचं. मॅडमना अट शिथिल करायचा अर्ज टाकायला सांगा, जातमुचलका (म्हणजे जामीनदाराशिवाय, स्वतःच्याच हमीवर सुटका) किंवा रोख रक्कम मागा. 31 जानेवारी 2023 चा सुप्रीम कोर्टाचा आदेश दाखवा, त्यात स्थानिक जामीनदाराचा आग्रह नको म्हटलंय, आणि जामीनदार शोधायला तात्पुरता जामीनही देता येतो. जामीन होऊन 7 दिवसांत सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं, ते झालं का विचारा. पैशाचीच अडचण असेल तर गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना आहे, कच्च्या कैद्यालाही (ज्याची केस अजून चालू आहे) मदत मिळते. आणि पाटल्या विकू नका हो.

मूळ लेखिका: खूप आभार दादा. मॅडमना आत्ताच फोन केला, उद्या अर्ज टाकतायत, जामिनाच्या ऑर्डरची कॉपी आणायला सांगितलीय. मी सकाळच्या एसटीने ओरोसला प्राधिकरणाच्या ऑफिसात जाते. तिथे सातबारा न्यायचा का?

कुडाळकर: न्या, आणि भावाचं आधार पण. कोणी टाळलं तर 15100 ह्या विधी सेवेच्या हेल्पलाइनला फोन करा.