मदत हवी आहे: कॉलेजचा परिसर बघायला जाताना नेमकं काय बघावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही साताऱ्याचे. लेकीला सिव्हिल इंजिनिअरिंग करायचंय. तिचे पर्सेंटाइल आणि गेल्या वर्षीचे कटऑफ ताडून पुण्याचं सीओईपी, माटुंग्याचं व्हीजेटीआय आणि सांगलीचं वालचंद अशी तीन कॉलेजं उरली आहेत. तिन्ही ठिकाणी जाऊन आलो आणि गोंधळ वाढलाय.

सीओईपीत शिरल्या शिरल्या तिचा चेहरा खुलला. संस्था १८५४ची, ती जुनी दगडी इमारत, मागे मुळा-मुठेच्या काठी बोट क्लब. इथली मुलं दरवर्षी नदीवर रेगाटा, म्हणजे होड्यांचा सोहळा करतात हे कळल्यावर तर तिचं ठरल्यातच जमा होतं. व्हीजेटीआय १८८७ची, तीही जुनीच, पण मुंबईत जागा ती किती! इमारती जवळजवळ, गेटबाहेर पडलं की थेट शहर. तिला जरा गुदमरल्यासारखं झालं. मला मात्र तिथली रात्रीही चालू असणारी वस्ती आणि हाकेवरची लोकल सोयीची वाटली. वालचंद विश्रामबागेत, ऐसपैस, झाडं भरपूर, निवांत. घरापासून लांबही नाही. ती म्हणते, "छान आहे, पण शांत आहे." हा गुण की दोष, ते तिलाही सांगता येत नाही.

अडचण अशी की आम्ही गेलो तेव्हा सुट्टी होती. वर्गांना कुलपं, वसतिगृहं जवळजवळ रिकामी. त्यामुळे इमारती दिसल्या, तिथलं रोजचं जगणं दिसलं नाही. ह्यांचं म्हणणं, प्लेसमेंट बघा, झाडं काय बघता. मला ते पटत नाही. चार वर्षं पोरीला तिथे राहायचंय, संध्याकाळी प्रॅक्टिकल आटोपून खोलीवर जाताना तिला मोकळं वाटायला हवं. शिवाय कॅपमध्ये (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत) पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की सीट ऑटो-फ्रीझ होते, पुढच्या फेऱ्यांत बदल नाही. म्हणून पहिलं नाव विचार करूनच लिहायचंय.

या तिन्हींपैकी कुठेही शिकलेल्यांना, विशेषतः मुलींना विचारते: पहिल्या भेटीत जे आवडलं किंवा खटकलं, ते दुसऱ्या वर्षापर्यंत टिकलं का? सीओईपीत पहिल्या वर्षाच्या मुलीला बोट क्लबमध्ये खरंच शिरकाव मिळतो, की ते लांबूनच बघायचं? व्हीजेटीआयच्या मुलींच्या वसतिगृहात पावसाळ्यात ओल, कपडे वाळवणं, पाणी यांचं कसं असतं? वालचंदला शनिवार-रविवारी आवार ओस पडतं का? वाचनालयात रात्री किती वाजेपर्यंत बसू देतात आणि तिथून वसतिगृहापर्यंतच्या वाटेवर दिवे असतात का, हे तर तिन्हींबद्दल हवंय.

पर्याय भरण्याआधी आणखी एक फेरी जमेल. तिन्हीकडे एकाच वेळी, म्हणजे कामाच्या दिवशी संध्याकाळी पाच-सहाला जावं असा विचार आहे, म्हणजे तुलना तरी सारखी होईल. तेव्हा गेटवर, मेसमध्ये, सिव्हिलच्या लॅबमध्ये कोणाशी बोलावं आणि काय विचारावं?