एजंट 'पार्श्वभूमीवर' चालतो की 'मागे'?

विचारणा:
एका कोडिंग साधनाचा मजकूर मराठीत आणण्याचं काम हाती आहे. मुख्य एआय एका टूलमार्फत दुसऱ्या कोडिंग एजंटांना (स्वतः कोड लिहिणाऱ्या एआयना) कामं वाटून देतो आणि ती चालू असताना आपल्याशी बोलायला मोकळा राहतो. मूळ सूचना 'लाँच द एजंट इन द बॅकग्राउंड' अशी आहे. जुन्या मसुद्यात तिचं 'अभिकर्त्याचे पार्श्वभूमीवर प्रक्षेपण करा' असं केलेलं आहे. व्याकरणाने चूक नाही, पण वाचवत नाही. काय लिहावं?

प्रतिसाद:
प्रक्षेपण उपग्रहाचं होतं किंवा सामन्याचं, ते आधी काढा. पण खरी अडचण 'पार्श्वभूमीवर' या शब्दाची आहे. मराठीत हा शब्द बातम्यांनी पार बांधून टाकलाय. 'निवडणुकीच्या पार्श्वभूमीवर बंदोबस्त वाढवला' म्हणजे निवडणूक आहे म्हणून वाढवला. माणसाची पार्श्वभूमी म्हणजे त्याचा पूर्वेतिहास. त्यामुळे 'एजंट पार्श्वभूमीवर चालू आहे' हे वाचलं की 'कशाच्या?' असा प्रश्न मनात येतोच. 'पार्श्वगायन', 'पार्श्वसंगीत' यांत 'पार्श्व' हवा तसा वागतो, तेव्हा नामच हवं असेल तर 'पार्श्वकार्य' चालेल. क्रियापदाबरोबर मात्र सरळ 'मागे चालवा' म्हणा.

प्रतिसाद:
'पडद्याआड' का नको? कानाला बरं वाटतं.

प्रतिसाद:
त्यात लपवाछपवीचा वास आहे, आणि इथे लपलेलं काही नसतं. युनिक्सच्या शेलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करून संगणक चालवतात तिथे, आज्ञेच्या शेवटी '&' लावला की ती मागे जाते आणि प्रॉम्प्ट, म्हणजे पुढची आज्ञा लिहायची जागा, लगेच परत मिळतो. तरीही ती प्रक्रिया टर्मिनलवर मजकूर छापू शकते, कधी कधी तर तुमच्या अर्धवट टाइप केलेल्या ओळीतच. तिला जमत नाही ते कीबोर्डवरून वाचणं. तसं करायला गेली की सिस्टिम तिला थोपवते. म्हणजे पुढे कोण आणि मागे कोण हे दिसण्यावरून ठरत नाही, तुमचं म्हणणं थेट कोणाला ऐकू जातं यावरून ठरतं. एजंटांचंही साधारण असंच. मागे धाडलेल्या एजंटला अडल्यावर तुम्हाला विचारता येईलच असं नाही, म्हणून त्याला काम देतानाच सगळं सांगावं लागतं: कोणत्या फाइलींना हात लावायचा, कोणत्या टेस्ट चालवायच्या, कुठे थांबायचं. 'मागे' हा शब्द मला त्यासाठीच पटतो. 'मागे एकदा' असा काळाचा अर्थही त्याला आहे, पण 'चालू' शेजारी आला की घोळ होत नाही.

विचारणा करणारा:
आणि 'लाँच'? 'सोडा' कसं वाटतं?

प्रतिसाद:
'एजंट सोडला' म्हणजे कामावर सोडला की नाद सोडला? पाणी सोडतात तशी नोकरीही सोडतात. बटणावर एकटा शब्द असला की संदर्भ मदतीला येत नाही. 'कामाला लावा' लिहा, दुसरा अर्थ निघत नाही. 'सुरू करा' मी टाळेन. एजंट सुरू करणं आणि त्याला काम देणं या दोन गोष्टी आहेत आणि हे टूल दोन्ही एकदम करतं. 'अभिकर्ता' कागदोपत्री शोभतो, बोलताना सगळे एजंटच म्हणतात. भले त्या शब्दाला कमिशनची आठवण चिकटलेली असो.

प्रतिसाद:
उत्तराच्या मजकुराकडेही बघा, अनुवाद तिथे जास्त घसरतात. टूल बोलावल्यावर लगेच जे हाती येतं ते कामाचं फळ नसतं, फक्त कामाचा ओळखक्रमांक असतो. तिथे 'यशस्वी' लिहिलं की वाचणारा कोड तयार आहे असं समजून पुढे जातो. आपल्याकडे 'पोच' हा नेमका शब्द आहे: काम पोचलं, एवढंच. 'काम मिळाले, क्रमांक अमुक' लिहा. संपल्यावर जे येतं त्याला 'निकाल' म्हणा. आणि हे वाचणारा नेहमी माणूसच असतो असंही नाही. टूलचं वर्णन आणि उत्तर दोन्ही मुख्य एआयचं मॉडेल वाचतं. पोच आणि निकाल यांत गल्लत झाली तर तेही 'झालं' म्हणून सांगून मोकळं होईल. पॅरामीटरची (टूलला द्यायच्या माहितीच्या रकान्यांची) नावं मात्र जशीच्या तशी ठेवा, ती कोडची आहेत.

विचारणा करणारा:
अवस्थांची यादीही द्यायची आहे. हे टूल मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (एआयला बाहेरच्या टूलांशी जोडायची ठरलेली पद्धत) वापरतं. 2025च्या नोव्हेंबरमधल्या आवृत्तीत त्यात टास्कची, म्हणजे काम मागे चालू ठेवून निकाल नंतर घ्यायची, सोय प्रायोगिक म्हणून आली, तिच्या पाच अवस्था आहेत: वर्किंग, इनपुट रिक्वायर्ड, कम्प्लीटेड, फेल्ड, कॅन्सल्ड. मी 'चालू', 'उत्तर हवे', 'पूर्ण', 'फसले', 'रद्द' असे शब्द धरले आहेत.

प्रतिसाद:
'उत्तर हवे' झकास. 'फसले' म्हणजे कोणीतरी फसवल्यासारखं वाटतं, 'अयशस्वी' नीरस असला तरी तोच ठेवा. 'पूर्ण'ही चालेल, फक्त त्याचा अर्थ एजंटच्या लेखी काम संपलं एवढाच. कोड बरोबर आहे की नाही ते तपासायचं काम उरतंच.

प्रतिसाद:
'रद्द'बद्दल माझी हरकत आहे. रद्द झालेली सभा झालेलीच नसते. इथे एजंटने चार फाइली बदलल्यावर तुम्ही त्याला अडवलंत तर त्या बदललेल्याच राहतात, कोणी आपोआप पूर्ववत करून देत नाही. प्रत्येक एजंटला गिटची वेगळी वर्कट्री (त्याच कोडचं स्वतंत्र फोल्डर) दिली असेल तर ती टाकून देता येते, नाहीतर आवरत बसा. तेव्हा 'मध्येच थांबवले' लिहा. लांब आहे, बटणावर मावणार नाही. बटणावर 'थांबवा' ठेवा आणि यादीत अख्खं 'मध्येच थांबवले' द्या.