पोहणाऱ्या मुली, फोटो आणि बघणारे: तुमचे अनुभव लिहा

निळी_टोपी: काल भाची फोनवर झुझाना याकाबोशचे फोटो बघत होती. हंगेरीची जलतरणपटू. "मावशी, किती सुंदर आहे ना!" आहेच. पण ती काय पोहते, ते भाचीला माहीत नव्हतं. २००४ च्या अथेन्सपासून टोकियोपर्यंत पाच ऑलिम्पिक! बटरफ्लाय, मेडली (पोहण्याचे चारही प्रकार एकापाठोपाठ), रिलेत फ्रीस्टाइल. अथेन्सला १५ वर्षांची होती. फोटोंखाली शेकडो बदाम, तिची शर्यतीतली वेळ मात्र कुणी विचारत नाही. मला आमच्या तलावाचा कठडा आठवला. आमची बॅच सुरू झाली की तिथे गर्दी व्हायची. नववीत मी पोहणं सोडलं, अजून वाईट वाटतं. तुम्हीही लिहा.

दुपारची_बॅच: कठडा!! आमच्याकडे उपाय म्हणून मुलींना भर दुपारची वेळ दिली. बघणाऱ्यांना कुणी काही बोललं नाही. वर रंग काळवंडला म्हणून घरी बोलणी.

खांदेदुखी: ४०० मीटर मेडली पोहून बघा एकदा. पहिले १०० बटरफ्लायचे, तिथेच खांदे भरून येतात. मग बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक, शेवटी फ्रीस्टाइल. हे करत पाच ऑलिम्पिक, दंडवत!

कोथरूडकर: फोटो ती स्वतःच टाकते ना? मग आपण का वाईट वाटून घ्यायचं?

निळी_टोपी: टाकू दे की, तिचा हक्क आहे. माझं म्हणणं बघणाऱ्यांबद्दल आहे.

खांदेदुखी: त्याच देशाची कातिन्का होस्सू बघा. रिओत तीन सुवर्णं, ४०० मेडली ४:२६.३६, तेव्हाचा विश्वविक्रम. 'आयर्न लेडी' हे नाव पोहण्यावरून पडलं.

जुनी_विहीर: हंगेरीवरून आठवलं, आल्फ्रेड हायोश! १८९६, पहिलं आधुनिक ऑलिम्पिक, समुद्रातली शर्यत. थंडी वाजू नये म्हणून अंगभर चरबी फासली होती म्हणे. १०० आणि १२०० मीटर फ्रीस्टाइल दोन्ही जिंकला. लहानपणी वडील डॅन्यूब नदीत बुडाले, म्हणून पोहायला शिकला.

दुपारची_बॅच: बाई गं. आमच्या आजोबांचा भाऊ विहिरीत गेला, तेव्हापासून घरातल्या प्रत्येक पोराच्या पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलायचे. मुलींनाही. आजी काठावर काठी घेऊन उभी, कुणाची टवाळी करायची हिंमत नव्हती.

निळी_टोपी: अशी आजी प्रत्येक तलावावर हवी होती.

पोळ्या_करतेय: घाईत आहे, सगळं वाचलं नाही. लेकीला मे महिन्यात घालायचंय पोहायला. क्लोरिनने केस फार खराब होतात का?

खांदेदुखी: आधी साध्या पाण्याने केस नीट भिजवायचे, मग क्लोरिनचं पाणी कमी शोषतात. वर टोपी. बाहेर आल्यावर लगेच धुवायचे.

दुपारची_बॅच: आणि चष्मा घ्याच, डोळे लाल होतात. बॅच सकाळची मिळाली तर बघ.