शैक्षणिक कर्जाच्या मंजुरीपत्रातील अटी समजून घ्यायच्या आहेत

प्रश्न : फोंड्यातील एक पालक

माझ्या मुलीला फर्मागुढीच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात हवी ती शाखा मिळाली नाही. पुण्यातील एका खाजगी महाविद्यालयात मात्र तिला गुणवत्ता यादीतून प्रवेश मिळाला असून शुल्काचा पहिला हप्ता चतुर्थीच्या आधी भरायचा आहे. बँकेने सहा लाखांचे शैक्षणिक कर्ज मंजूर केले आहे. मंजुरीपत्र सहा पानांचे आणि इंग्रजीत आहे. ते मी दोनदा वाचले, तरी काही अटींचा नेमका अर्थ लागत नाही.

मोरेटोरियमचा, म्हणजे परतफेडीचे हप्ते सुरू होण्याआधीचा, काळ ‘अभ्यासक्रमाची चार वर्षे अधिक एक वर्ष’ असा दिला आहे. बँकेतील साहेब म्हणाले की पाच वर्षे काहीही भरायचे नाही. याचा अर्थ त्या काळात व्याज लागत नाही, असा घ्यावा का? मार्जिन पाच टक्के म्हणजे ती रक्कम आत्ताच एकदम जमा करायची का? व्याजदर ९.५ टक्के असून तो रेपो दराशी जोडलेला आहे, असेही लिहिले आहे. शिवाय महाविद्यालयाच्या पत्रात पंचवीस टक्के शुल्क सवलतीचा उल्लेख आहे, आणि एका छोट्या सरकारी शिष्यवृत्तीसाठी अर्ज करावा असे शाळेतील शिक्षक सुचवतात. आमचे कौटुंबिक उत्पन्न वर्षाला सात लाखांच्या आत आहे. यातले काय आधी करावे आणि काय टाळावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : निवृत्त बँक अधिकारी, म्हापसा

साहेबांनी सांगितले ते खोटे नाही, पण अर्धेच आहे. मोरेटोरियममध्ये हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. ज्या दिवशी बँक महाविद्यालयाच्या खात्यात पैसे पाठवते, त्या दिवसापासून त्या रकमेवर व्याजाची आकारणी सुरू होते. इंडियन बँक्स असोसिएशन या बँकांच्या संघटनेच्या शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेनुसार या काळातील व्याज सरळव्याजाने मोजतात. मात्र मोरेटोरियम संपला की साचलेले सगळे व्याज मुद्दलात मिळवले जाते आणि पुढचे हप्ते त्या वाढलेल्या रकमेवर ठरतात.

तुमच्याच आकड्यांवर हिशेब मांडतो. दरवर्षी सुरुवातीला दीड लाख याप्रमाणे चार वर्षांत सहा लाख उचलले, असे धरू. दीड लाखावर ९.५ टक्क्यांनी वर्षाचे व्याज १४,२५० रुपये होते. पहिल्या वर्षीच्या रकमेवर पाच वर्षांचे, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन आणि चौथ्यावर दोन वर्षांचे, अशी एकूण चौदा वर्षांची आकारणी होते, म्हणजे १,९९,५०० रुपये. मुलगी नोकरीला लागेल तेव्हा तिच्या नावावर सहा नव्हे, जवळजवळ आठ लाखांचे कर्ज असेल. दहा वर्षांच्या मुदतीत त्याचा मासिक हप्ता सुमारे १०,३५० रुपये पडतो. मूळ सहा लाखांवर तोच हप्ता ७,७६० च्या आसपास राहिला असता. हप्ता हलका करण्यासाठी मुदत पंधरा वर्षे केली तर तो ८,३५० वर उतरतो, पण एकूण परतफेड साडेबारा लाखांच्या आतून पंधरा लाखांवर जाते. बँकेत मुदत वाढवून देणे फार सोपे असते, म्हणून हा आकडा आधीच डोळ्यांसमोर ठेवावा.

घरून शक्य असेल तर शिक्षण चालू असतानाच दरमहा व्याज भरत जावे. पहिल्या वर्षी ते महिन्याला बाराशे रुपयांच्या आत असते आणि चौथ्या वर्षी ४,७५० रुपयांपर्यंत जाते. असे केल्यास मुद्दल सहा लाखांवरच राहते, आणि व्याज नियमित भरणाऱ्यांना काही बँका दरात एक टक्क्याची सूटही देतात. तुमच्या पत्रात ती अट आहे का, ते पाहा. नसल्यास शाखेत लेखी विचारा.

मार्जिन, म्हणजे खर्चातला तुमचा स्वतःचा वाटा, एकदम भरायचे नसते. ज्या वर्षी जेवढी रक्कम बँक देते, त्या प्रमाणात त्या त्या वर्षी तुमचा पाच टक्के वाटा द्यायचा असतो, आणि मिळालेली शिष्यवृत्ती त्या वाट्यात धरता येते. रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो रेपो दर. त्याच्याशी जोडलेला दर म्हणजे रिझर्व्ह बँकेने दर बदलला की तुमचाही बदलणार. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नव्या बदलत्या दराच्या वैयक्तिक कर्जांसाठी (शैक्षणिक कर्जही त्यातच येते) असा बाहेरचा मापदंड घ्यावाच लागतो. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात रेपो दर ६.५० वरून ५.५० वर आला, तेव्हा अशा कर्जदारांना त्याचा लाभ झाला; दर चढले की भारही तसाच चढतो. तुमच्या पत्रात रेपोच्या वर किती टक्के अधिभार लावला आहे, तो आकडा शोधा, कारण दोन बँकांची तुलना खरी तिथेच होते.

आणखी एक गोष्ट. मंजूर रकमेत एखाद्या विमा पॉलिसीचा एकरकमी हप्ता मिळवलेला नाही ना, हे तपासा. विमा वाईट नाही, पण त्या हप्त्यावरही पाच वर्षे व्याज चढत राहते.

उत्तर २ : महाविद्यालयीन प्राध्यापिका, मडगाव

कर्जाबद्दल वरील उत्तरात सविस्तर आले आहे. मी सवलतींपुरते लिहिते, कारण घाई तिथे महागात पडते असे माझे मत आहे.

महाविद्यालयाची पंचवीस टक्के सवलत पूर्ण शुल्कावर आहे की फक्त ट्यूशन फीवर, आणि ती चारही वर्षांसाठी आहे की पहिल्याच वर्षासाठी, हे पत्रातून नक्की करून घ्या. बहुतेक खाजगी संस्था ती पुढे चालू ठेवण्यासाठी ठरावीक गुणांची अट घालतात. अभियांत्रिकीच्या पहिल्या सत्रात हुशार मुलेही घसरतात, म्हणून कर्जाची रक्कम ठरवताना दुसऱ्या वर्षापासूनची सवलत हिशेबात न धरणे शहाणपणाचे.

दुसरा मुद्दा शिष्यवृत्तीचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तिच्यात निवडक संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश घेतलेल्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते, आणि ज्यांचे कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे त्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरेटोरियमच्या काळात तीन टक्के व्याज सवलत मिळू शकते. मात्र इतर सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत घेणाऱ्यांना ही सवलत मिळत नाही. म्हापशाच्या काकांचाच हिशेब पुढे नेला, तर तीन टक्क्यांची सवलत या कर्जावर ६३,००० रुपये होते. छोट्या शिष्यवृत्तीतून चार वर्षांत त्याहून कमी मिळणार असेल, तर तिचा अर्ज भरण्याआधी थांबा. अर्थात, प्रथम तुमचे महाविद्यालय या योजनेच्या यादीत आहे का ते विद्यालक्ष्मी पोर्टलवर पाहा. यादी राष्ट्रीय क्रमवारीवर आधारलेली असल्याने अनेक खाजगी महाविद्यालये तिच्यात नाहीत. उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असते तर तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठीच्या जुन्या योजनेत मोरेटोरियमचे संपूर्ण व्याज केंद्राने भरले असते, पण तुम्ही त्या मर्यादेच्या वर आहात.

उत्पन्नाचा दाखला मामलेदार कचेरीतून आजच मागवा. प्रवेशाच्या दिवसांत तिथे काय गर्दी असते, ते फोंडेकरांना मी वेगळे सांगायला नको.

उत्तर ३ : डिचोलीहून

गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्ज योजना कोणीच कशी सांगितली नाही? पर्वरीच्या कार्यालयात चौकशी करा. रकमेची मर्यादा आणि अटी सरकार वेळोवेळी बदलते, म्हणून शेजाऱ्याच्या मुलाला तीन वर्षांपूर्वी काय मिळाले यावर विसंबू नका. गोव्यातील वास्तव्याचा पुरावा लागतो, तोही मामलेदारांकडूनच मिळेल. महामंडळाकडून जेवढी रक्कम मंजूर होईल तेवढी बँकेकडून कमी उचला. मंजूर झालेले सहाही लाख उचललेच पाहिजेत, असे कोणतेही बंधन नाही.

प्रश्नकर्ता :

तिघांचेही मनापासून आभार. महाविद्यालय यादीत आहे की नाही ते पोर्टलवर पाहतो आणि दोन्ही दाखल्यांसाठी सोमवारी अर्ज देतो. दोन शंका उरल्या. मी सह-कर्जदार आहे. मुलीला वेळेत नोकरी मिळाली नाही तर माझ्यावर काय जबाबदारी येते? आणि आयकरात व्याजाची वजावट मिळते असे ऐकतो, ती कोणाला मिळते? माझा भाऊ म्हणतो की त्यापेक्षा सोनेतारण कर्ज घे, ते स्वस्त पडेल.

उत्तर ४ : निवृत्त बँक अधिकारी, म्हापसा

सह-कर्जदार हा केवळ साक्षीदार नसतो, तोही कर्जदारच असतो. हप्ता थकला तर बँक थेट तुमच्याकडे मागणी करू शकते आणि ती थकबाकी मुलीच्या तसेच तुमच्या सिबिल अहवालात दिसते. मोरेटोरियम संपताना नोकरी नसेल, तर पहिला हप्ता चुकण्याआधी शाखेत लेखी अर्ज द्यावा. आदर्श योजनेत बेरोजगारीच्या काळासाठी मुदतवाढीचा विचार करण्याची तरतूद आहे, पण हप्ते थकल्यानंतर केलेल्या विनंतीला वजन राहत नाही.

आयकर कायद्यातील ८०ई या कलमाने ओळखली जाणारी वजावट फक्त व्याजावर मिळते, मुद्दलावर नाही. व्याज भरायला सुरुवात केलेल्या वर्षापासून सलग आठ वर्षे ती घेता येते आणि तिला रकमेची कमाल मर्यादा नाही. परंतु ती केवळ जुन्या करप्रणालीत आहे, आणि ज्याच्या नावावर कर्ज आहे व जो स्वतःच्या उत्पन्नातून व्याज भरतो, त्यालाच ती मिळते. तुम्ही आतापासून व्याज भरू लागलात तर तुमची आठ वर्षे आतापासूनच मोजली जातील. नव्या करप्रणालीत असाल, तर हा मुद्दा तुमच्या निर्णयात आणूच नका.

सोनेतारणाबद्दल भावाशी मी सहमत नाही. ती कर्जे साधारणपणे वर्षभराच्या मुदतीची असतात आणि तुमची गरज चार वर्षांची आहे. त्या व्याजावर शैक्षणिक कर्जाची वजावट नाही आणि सरकारी व्याज सवलतही नाही. चतुर्थीपूर्वीचा एखादा हप्ता बँकेच्या विलंबामुळे अडला, तर तेवढ्यापुरते घेऊन महिन्याभरात फेडावे. मात्र भरलेल्या शुल्काची पावती जपून ठेवा आणि ती रक्कम कर्जातून परत मिळेल का, हे शाखेकडून आधीच लेखी घ्या.