संशयी स्वभावाची दोन टोकं
'नेता संशयी असला की धोरण बिघडतंच' असं म्हटलं जातं, पण अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना ते अर्धंच लागू पडतं. परराष्ट्र खात्यावर त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून जुलै १९७१ मध्ये त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर पाकिस्तानमार्गे गुपचूप बीजिंगला गेले. गाजावाजा झाला असता तर चीनशी संबंध जोडण्याची ती चाल देशांतर्गत विरोधातच अडकली असती, असं मला ठामपणे वाटतं. (पाकिस्तानचा तो दुवा जपण्यासाठी पूर्व पाकिस्तानातल्या अत्याचारांकडे डोळेझाक झाली, ही किंमत विसरू नये.) त्याच संशयी वातावरणात जून १९७२ ची वॉटरगेट घरफोडी, म्हणजे विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयातली घुसखोरी झाली, आणि तीही नोव्हेंबरात ५० पैकी ४९ राज्यं जिंकणाऱ्या निक्सन यांच्यासाठी!

नेत्याचा असा स्वभाव तपासताना लिखित भाषणं घेऊ नका, ती बहुतेक वेळा दुसऱ्यांनी लिहिलेली असतात. नेत्यांच्या स्वभावाच्या अभ्यासक मार्गारेट हर्मन यांच्या पद्धतीत मुलाखतींतली उत्स्फूर्त उत्तरं घेतात: किमान ५०, प्रत्येकी १०० किंवा अधिक शब्दांची, वेगवेगळ्या काळांतली. त्यांतून अविश्वास, सत्तेची ओढ, आत्मविश्वास अशी ७ वैशिष्ट्यं मोजून इतर नेत्यांच्या सरासरीशी ताडतात. एकाच पत्रकार परिषदेवरून निष्कर्ष काढला, तर त्या दिवसाचा ताणच स्वभाव म्हणून नोंदला जातो.