टाकावरचा खंडोबाचा घोडा नक्की कुणाचा?

कऱ्हाकाठची सून:
आमच्या देव्हाऱ्यातला खंडोबाचा चांदीचा टाक पार झिजलाय, आजेसासूबाईंच्याही आधीचा आहे, घोड्याचे पाय आणि म्हाळसेचा चेहरा आता बोटालाच लागतो डोळ्याला दिसत नाही. नवा करायचाय तर सोनारकाका नुसता उभा देव दाखवतायत, वजन कमी बसेल म्हणाले. सासूबाई म्हणतात घोडा पाहिजेच, पण का ते त्यांना सांगता येईना. महादेवाचा अवतार तर नंदी हवा ना?

मल्हारभक्त:
ताई सासूबाईंचं ऐका. घोडा मणीचा आहे. मणी आणि मल्ल हे दोघे दैत्य भाऊ, त्यांना देवाने मारलं म्हणून तर आपण चंपाषष्ठी करतो. मणी शेवटी शरण आला, आपला पांढरा घोडा देवाला दिला आणि देवाजवळ जागा मागितली. म्हणजे हरलेल्याने मनापासून दिलेली भेट आहे ती, काढून कशी चालेल? हातात खांडा, सोबत म्हाळसा, खाली कुत्रा, एवढं सगळं आलं पाहिजे. जुन्या टाकाचे फोटो तिरप्या उजेडात काढा म्हणजे झिजलेलं पण उठून दिसतं.

वारकरी_सांगली:
माउलींच्या पालखीपुढे दोन घोडे असतात, अंकलीच्या शितोळे सरकारांचे. एकावर जरीपटका घेतलेला स्वार आणि दुसरा मोकळा, कारण त्यावर स्वतः माउली बसलेत. सदाशिवनगरच्या गोल रिंगणात तो मोकळा घोडा अगदी माझ्या समोरून गेला, मी ओरडायचं पण विसरलो, नंतर सगळ्यांबरोबर वाकून टापांखालची माती कपाळाला लावली. पाठीवर कुणी नाही असं एकदाही वाटलं नाही.

नाना:
तमिळनाडूत अय्यनार म्हणून गावराखणीचा देव आहे, तो रात्री घोड्यावरून शिवारात फिरतो असं मानतात आणि नवस फेडायला लोक कुंभाराकडून मातीचे घोडे करून वाहतात, काही तर माणसापेक्षा उंच. मला ते बघून आपला खंडोबाच आठवतो. राखण करणारा देव घोड्यावरच पाहिजे.

कऱ्हाकाठची सून:
सगळ्यांचे खूप आभार. सोनारकाकांना आत्ताच फोन केला, चांदी जास्त लागली तरी चालेल पण घोडा हवाच. सासूबाईंना मणीचं वाचून दाखवलं तर डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. फक्त म्हाळसेचा चेहरा कसा होता ते घरात कुणालाच आठवत नाही, पुरंदर बाजूचा जुना टाक कुणाकडे असेल तर प्लीज फोटो टाका.