परदेशी पोरांना खान्देशची जुनी राजधानी दाखवायचीय, बऱ्हाणपूर एका दिवसात कसं करावं?

पिंप्राळेकर:
नमस्कार मंडळी, सल्ला पायजे. आमच्या कॉलेजात पाच परदेशी पोरं आहेत, तीन अफगाणी, एक इथिओपियाची मुलगी, एक पोलंडचा. अजिंठा दाखवून झालं, मुंबई ते आपले आपण फिरून आले. परवा मेसमध्ये ती इथिओपियावाली विचारते, सर महाराष्ट्राची राजधानी मुंबई ते कळलं, पण तुम्ही सारखं खान्देश खान्देश करता त्याची राजधानी कोणती, जळगाव का धुळे? मी म्हटलं बऱ्हाणपूर. तिने लगेच मोबाइलवर नकाशा काढला आणि म्हणे सर, हे तर दुसऱ्या राज्यात, मध्य प्रदेशात आहे. आता काय सांगणार. तर या रविवारी नेतोच म्हटलं. मी स्वतः एकदाच गेलोय, तेही लग्नाला, जेवलो आणि आलो. काय दाखवू, काय सोडू?

भुसावळ_यार्ड:
सर, गाडीनेच जा, भुसावळहून खंडवा लाइनला तासाभरात बऱ्हाणपूर, आणि खिडकीतून रावेरपर्यंत केळीच केळी, तेही एक दर्शनच आहे. स्टेशन गावापासून लांब आहे, लालबागेत, उतरल्यावर दोन रिक्षा दिवसभरासाठीच ठरवून टाका नाहीतर दर ठिकाणी घासाघीस करत बसाल. मुक्कामाच्या भानगडीत पडू नका. परदेशी पाहुणा आला की लॉजवाल्याला त्याची माहिती सरकारला कळवायचा फॉर्म भरावा लागतो, छोटे लॉजवाले पासपोर्ट बघूनच हात जोडतात, मी रात्री अकराला तीन लॉज फिरलेलो आहे. पोरांना मूळ पासपोर्ट मात्र जवळ ठेवायला सांगा, पुरातत्त्व खात्याचं तिकीट परदेश्यांना वेगळं आणि महाग असतं पण सार्क देशांना भारतीय दर लागतो, म्हणजे अफगाणी पोरांचे पैसे वाचतील.

शिरपूरकर:
थांबा भो! राजधानी म्हटलं की आधी थाळनेर. खान्देशच्या सुलतानांचं फारुकी घराणं, त्याचा मूळ पुरुष मलिक राजा, त्याने बस्तान बसवलं ते आमच्या तापीकाठी थाळनेरला, चौदाव्या शतकाच्या शेवटी. बऱ्हाणपूर नंतरचं, त्याच्या पोराने नसीर खानाने वसवलं. थाळनेरला त्यांच्या नक्षीदार कबरी आहेत, पडका किल्ला आहे, १८१८ साली इंग्रजांनी किल्ला घेतला आणि किल्लेदाराला फासावर दिलं. पण कोणी फिरकत नाही, बोर्ड वाचायला एक बकरी असते फक्त.

चोपड्याचे_अप्पा:
शिरपूरकर बरोबर बोलताय पण एका दिवसात दोन्ही होणार नाही, थाळनेर एक टोक आणि बऱ्हाणपूर दुसरं.
सर, मी मास्तर होतो, पोरं नेऊन नेऊन अनुभव आहे म्हणून सांगतो, पहिल्यांदा नाव सांगा. नसीर खानाने अशीरगड घेतला आणि तापीच्या या काठाला गाव वसवलं त्याला सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं नाव दिलं, पलीकडच्या काठाला झैनाबाद, ते त्यांच्या शिष्याचं झैनुद्दीनांचं, आणि दोघांच्या कबरी आपल्या खुलताबादला, म्हणजे राजधानीचं नाव वेरुळाशेजारून आलेलं. मग दोनशे वर्षं फारुकी, १६०१ ला अकबराने अशीरगड घेतला आणि खान्देशचं नाव आपल्या पोराच्या, दानियालच्या नावावरून दानदेश केलं, ते काही टिकलं नाही, आपण खान्देशीच राह्यलो. पोलंडच्या पोराला सांगा की १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो सुरतेहून अजमेरला जाताना इथं थांबून जहांगीरचा पोरगा शहजादा परवेझ याला भेटला होता, युरोपातून आलेला तू काय पहिला नाहीस. आणि १६८१ च्या सुरुवातीला संभाजी महाराजांच्या फौजेने हंबीरराव मोहित्यांच्या हाताखाली इथली बहादूरपुरा पेठ लुटली ती का, तर दख्खनचा सगळा पैसा या पेठेत यायचा म्हणून. हे सांगितलं की राजधानी म्हणजे काय ते कळतं, नुसते दगड दाखवून नाही.
जामा मशिदीत घाई करू नका. बाहेरून दोन मिनार, पण घुमट एकही नाही, पोरांनाच विचारा इथे काय कमी आहे. आत मेहराबीवर अरबी लेख आणि त्याच्या जोडीला चक्क संस्कृत लेख आहे, संवत १६४६, शके १५११, फारुकी राजाची वंशावळ देवनागरीत. एवढं एकच दाखवलंत तरी भाडं वसूल.

रावेरची_ताई:
अप्पांनी सगळं सांगितलंच, मी एक गाऱ्हाणं घालते. आमच्याकडे जर्मनीची पाहुणी आली होती तिच्यासाठी गाइड केला, त्याने चार तास मुमताज, मुमताज आणि मुमताज. ती इथे बाळंतपणात वारली हे खरंय, जून १६३१, चौदावं मूल, आधी पलीकडे झैनाबादच्या बागेत आहूखान्यात, म्हणजे मुघलांच्या हरणांच्या बागेत पुरलं आणि डिसेंबरात आग्र्याला नेलं. पण हा बाबा म्हणे ताजमहाल इथेच होणार होता, इथे वाळवी होती, तिथे अमुक होतं, पाहुणी वहीत लिहून घेतेय आणि मी मान खाली घालून उभी! शाही किल्ल्यातला हमाम बघा, छतावरची रंगीत नक्षी अजून दिसते, मुमताज तिथे दहा मिनिटांत सांगून मोकळं व्हा.
खाण्याचं, मावा जलेबी गरमच खा, काळी दिसते म्हणून पोरं नाक मुरडतील, मुरडू द्या. घरी न्यायला दराबा, तीही इथली मिठाईच. आणि परत येताना रावेरला उतरा, आमच्या मळ्यात भरीत करते. बामणोदची वांगी आहेत, पऱ्हाटीवर भाजू, बडगीत, म्हणजे लाकडी उखळात ठेचू, सोबत कळण्याची पुरी. मिरची कमी घालू का सर?

पिंप्राळेकर:
ताई मिरची पूर्ण घाला, ही पोरं दोन वर्षं आमच्या मेसची शेवभाजी खाऊन जगलीत.

भुसावळ_यार्ड:
एक राहिलंच, कुंडी भंडारा. लोक खूनी भंडारा म्हणतात, नावाला घाबरू नका. मुघल सरदार अब्दुल रहीम खानखानाच्या काळातलं पाण्याचं काम, सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून उताराने शहरात आणलंय, वर शंभराच्या आसपास कुंड्या ओळीने. लिफ्टने सत्तर-ऐंशी फूट खाली सोडतात. सकाळीच उरका, नंतर रांग लागते.

पिंप्राळेकर:
जाऊन आलो मंडळी, वृत्तांत देतो.
मशिदीत संस्कृत लेख मी मोठ्या ऐटीत वाचायला घेतला आणि दुसऱ्या ओळीलाच अडखळलो. अकबराचा फारसी लेख मात्र त्यातला एक अफगाणी पोरगा हळूहळू बोटाने हवेत अक्षरं गिरवत वाचत होता, मध्येच थांबून मला म्हणे सर, हा आमच्याकडच्या पत्रातल्यासारखा लिहिलाय. बाकीचे दोघं त्याच्या चुका काढत होते. देखरेखीचे चाचा हे बघून स्वतः खुर्ची घेऊन आले.
पण खरी गंमत कुंडी भंडाऱ्यात. लिफ्ट खाली टेकली, दार उघडलं, गार हवा, घोट्याएवढं पाणी, भिंतींवर चुनखडीचा पांढरा थर. मी सांगायला सुरुवात केली की इराणी पद्धतीचं काम, एवढ्यात गझनीकडचा जो आहे तो एकदम ओरडला, कारेझ! कारेझ! त्याच्या गावाला असंच आहे म्हणे, त्याचे आजोबा दर वर्षी गाळ काढायला उतरायचे, कमरेला दोर बांधून. मग माझं भाषण बंद आणि तोच आम्हाला शिकवायला लागला, कुंड्या कशाला, तर माती वर काढायला आणि आत हवा यायला, उतार किती ठेवायचा, जास्त झाला की पाणी तळ कुरतडतं. ओंजळभर प्यायला आणि वर येईपर्यंत गप्प. इथिओपियावाली मला हळूच म्हणे, सर त्याला थोडा वेळ बसू द्या. बसू दिला. त्यामुळे राजा जयसिंगांची छत्री, म्हणजे समाधी, आणि काळा ताजमहाल म्हणतात ती शाहनवाज खानाची कबर दोन्ही हुकले, गाडी पण हुकता हुकता मिळाली.
ताई, भरताबद्दल काय बोलू, पोलंडवाल्याने बडगी कुठे विकत मिळते विचारलंय, सूटकेसमध्ये बसेल का ते मोजून सांगा.
शिरपूरकर, जानेवारीचा दुसरा रविवार थाळनेरसाठी धरलाय. बकरीला सांगून ठेवा.

शिरपूरकर:
या या. बकरी विकली, मी येतो.